आकाशातील चाकरी

धुळे शहरालगत गोंदूर येथे विमानांची धावपट्टी आहे. तिच्या आसपासच्या शेतांत कापूस वेचणाऱ्या बायका डोक्यावरून विमान गेले म्हणून हातातले काम थांबवीत नाहीत. सकाळपासून तेच लहानसे विमान दहा वेळा वर चढते आणि दहा वेळा खाली उतरते, हे त्यांच्या अंगवळणी पडलेले असते. बांधावरची पोरे मात्र प्रत्येक वेळी मान वर करतात. त्या पोरांच्या मनातील वैमानिकाचे चित्र सुशिक्षित घरांतील चित्राहून फारसे निराळे नसते : पांढरा शुभ्र सदरा, खांद्यावर सोनेरी पट्ट्या, भरगच्च पगार, आज दुबई तर उद्या सिंगापूर. मुलगा किंवा मुलगी बारावीला भौतिकशास्त्र व गणित घेऊन बसली की हे चित्र जेवणाच्या पाटावर चर्चेला येते. मग वडिलांना खर्चाची व आईला अपघाताची चिंता लागते. दोन्ही चिंता अस्थानी नाहीत. परंतु ह्या व्यवसायाचे खरे सुख आणि खरा जाच ही दोन्ही ह्याहून निराळ्या ठिकाणी आहेत, आणि ती समजून घेण्यास खानदेशातील माणसाला दूर जाण्याचे कारण नाही. भुसावळपर्यंत गेले तरी पुरे.

भुसावळास रेल्वे आली ती १८६० च्या दशकात. तेव्हापासून त्या गावातील शेकडो घरे घड्याळाकडे न पाहता कामाच्या पाळीकडे पाहून जगत आली. इंजिन-ड्रायव्हरच्या घरी रात्री दोन वाजता कॉलबॉय येऊन दार ठोठावी. बायको उठून डबा भरून देई. नवरा गाडी घेऊन जाई आणि परगावच्या रनिंग रूममध्ये भर दिवसा खिडकीला पडदे लावून झोपे. सणवार कधी सापडे, कधी हुके. पुढे वाफ गेली, वीज आली, आणि आता तर रेल्वेने आपल्या ड्रायव्हरला 'लोको पायलट' असे नावच देऊन टाकले आहे. नाव देणाऱ्याच्या मनात काय असेल ते असो. ते नाव फार समर्पक आहे. प्रवासी विमानाचा वैमानिक हा कल्पनेतील साहसी वीराला जितका जवळचा आहे, त्याहून पुष्कळच अधिक तो भुसावळच्या ड्रायव्हरला जवळचा आहे. दोघांच्याही मागे शेकडो जीव निश्चिंतपणे बसलेले असतात, दोघांनाही ठरलेल्या वाटेने ठरलेल्या वेळी जावयाचे असते, आणि स्वतःच्या मर्जीने काही निराळे करून दाखविण्यास दोघांनाही सक्त मनाई असते.

साहसाचा काळ ह्या व्यवसायातही होऊन गेला. मुंबईच्या जुहू येथे १९२८ मध्ये बॉम्बे फ्लाइंग क्लब निघाला. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना उड्डाणाचा परवाना मिळाला. हिंदुस्थानात दिलेला तो पहिला परवाना होय. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी टपालाच्या पिशव्या घेऊन एका इंजिनाचे छोटेसे पस मॉथ विमान कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस आणले, आणि येथील नियमित हवाई वाहतुकीचा आरंभ झाला. त्यांच्याजवळ दिशा दाखविणारी रेडिओ-यंत्रणा नव्हती. त्याच बॉम्बे फ्लाइंग क्लबने पुढे वैमानिकांच्या शिक्षणासाठी धुळ्याची धावपट्टी जवळ केली, कारण मुंबईच्या गजबजलेल्या आकाशात शिकाऊ विमानांना फिरावयास जागा उरली नव्हती आणि खानदेशात मोकळे आकाश मुबलक होते. शिरपूर येथेही वैमानिक घडविणारी संस्था उभी राहिली. जळगावच्या विमानतळाचे उद्घाटन २३ मार्च २०१२ रोजी, जळगावच्याच कन्या असलेल्या तत्कालीन राष्ट्रपती श्रीमती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले. आणि २०२१ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाने उड्डाणाच्या प्रशिक्षणसंस्थांसाठी देशातील जे पाच विमानतळ निवडले, त्यांत बेळगाव, कलबुर्गी, खजुराहो व लीलाबरी यांच्याबरोबर जळगावही होते. अशा रीतीने केळी आणि कापूस यांच्या ह्या मुलखात वैमानिकांचेही पीक निघू लागले.

हे शिक्षण चालते कसे, ते पाहण्यासारखे आहे. विद्यार्थ्याचा दिवस उजाडण्यापूर्वीच सुरू होतो, आणि त्याचे कारण निव्वळ शिस्त हे नाही. विमान हवेवर तरते. हवा जितकी दाट, तितका पंखांना आधार अधिक. हवा तापली की विरळ होते. पंखांचा आधार कमी होतो, इंजिनाचा दमही कमी होतो, धावपट्टीवरची धाव लांबते आणि वर चढणे मंदावते. जळगावचा विमानतळ समुद्रसपाटीपासून जेमतेम अडीचशे मीटर उंचीवर आहे. परंतु वैशाखात पारा ४४ अंशांवर गेला म्हणजे तेथील हवा इतकी विरळ होते की, विमानाच्या दृष्टीने ती धावपट्टी साडेचार हजार फुटांवर जाऊन बसते. महाबळेश्वरची उंचीही साधारण तेवढीच आहे. घामाने निथळणाऱ्या जळगावकराला आपण महाबळेश्वरी बसलो आहोत असे सांगितले तर तो खचितच चिडेल. पण विमानाला विचारले तर ते हेच सांगेल. शिवाय तापलेल्या काळ्या जमिनीवरून उठणारे वाऱ्याचे लोट लहान विमानाला सुपातल्या दाण्यासारखे पाखडतात. म्हणून उन्हाळ्यात पहाटेच्या थंड व दाट हवेत जितके उड्डाण साधेल तितके साधून घ्यावयाचे, हा रिवाज. शेतकरी ऊन चढण्यापूर्वी औत सोडतो, त्यातलाच हा प्रकार.

आरंभी विद्यार्थ्याच्या शेजारी शिक्षक बसलेला असतो. विमानाला दोन्हीकडे सुकाणू असते, त्यामुळे चूक झाली तर सावरणारा हात जवळ असतो. धावपट्टीवरून उठावयाचे, सुमारे हजार फुटांवर जाऊन चौकोनी फेरा घ्यावयाचा आणि पुन्हा उतरावयाचे, असे शेकडो फेरे होतात. मग एके दिवशी सकाळी, बहुधा आगाऊ न सांगता, शिक्षक विमान थांबवावयास लावतो, दार उघडून खाली उतरतो, आणि पुढचा एक फेरा एकट्याने घ्यावयास सांगून बाजूला होतो. ह्या पहिल्या एकल उड्डाणाची वेळ सात-आठ मिनिटांहून अधिक नसते. परंतु पुढे हजारो तास उड्डाण केलेल्या वैमानिकालाही ती मिनिटे आठवतात. शिक्षकाच्या शरीराचा भार, म्हणजे त्या चिमुकल्या विमानाच्या एकूण वजनाचा जवळजवळ दहावा हिस्सा, एकाएकी कमी झालेला असतो. त्यामुळे विमान अपेक्षेहून लवकर जमीन सोडते आणि विद्यार्थी दचकतो. शेजारी पाहावे तर आसन रिकामे. खाली पांझरेचे वळण, लळिंगचा डोंगर, शेतांच्या चौकटी, सारे नेहमीचेच; पण आता त्यांतून परत जमिनीवर आणणारे दुसरे कोणीही नाही. भय आणि मोकळेपणा ही दोन्ही एकाच वेळी इतकी शुद्ध स्वरूपात क्वचितच वाट्याला येत असतील. ह्या व्यवसायातील पुष्कळ सुखे पगाराने विकत मिळतात. हे मात्र एकदाच मिळते, तेही पगार सुरू होण्याच्या कितीतरी आधी.

त्यानंतर हळूहळू लांबच्या सफरी येतात. धुळ्याहून जळगावकडे जाताना लोहमार्गाची रेघ, गिरणेचे कोरडे पात्र आणि उत्तरेस सातपुड्याची निळी भिंत ह्यांवर नजर ठेवून नकाशाशी ताळा घालावा लागतो. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागा वरून गर्द हिरव्या चौकटींसारख्या दिसतात आणि तापी कोठे आहे ते त्यांच्यावरूनच ओळखू येते. ज्या मुलाने भूगोल केवळ पाठ केला, त्याला तो येथे पहिल्यांदा दिसतो.

आता खर्चाकडे वळावयास हवे, कारण घरातील वडील माणूस मघापासून तेथेच थांबलेला आहे. व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते. त्यात शंभर तास स्वतः मुख्य वैमानिक म्हणून, काही रात्रीचे, काही केवळ उपकरणे पाहून केलेले. शिवाय मार्गशोधन, हवामान, विमानविषयक कायदे, यंत्रज्ञान व रेडिओवरील संभाषण ह्यांच्या परीक्षा द्याव्या लागतात. सगळा खर्च चाळीस-पन्नास लाख रुपयांच्या घरात, कित्येकदा त्याहूनही वर जातो. आणि एवढे करून हाती जो परवाना येतो, त्याने मोठे विमान चालविता येत नाही. प्रत्येक जातीच्या विमानाचे स्वतंत्र शिक्षण घ्यावे लागते. ते कंपनीने दिले तर ठीक, नाहीतर आणखी पंधरा-वीस लाखांची तजवीज करावी लागते. वकिलीची सनद घेऊन मनुष्य निदान झाडाखाली टेबल टाकून बसू शकतो. वैमानिकाला विमान नसेल तर त्याचा परवाना म्हणजे चौकटीत लावण्याचा कागद. आणि तोही शिळा होतो, कारण ठरावीक मुदतीत ठरावीक तासांचे उड्डाण घडले नाही तर त्यावरील मुभा संपते. परवाना मिळूनही वर्षानुवर्षे जागेची वाट पाहणारे तरुण आहेत, आणि त्यांच्या मागे गहाण पडलेली घरे आहेत. ही बाजू जाहिरातींत छापली जात नाही.

जागा मिळाल्यावर तरी निश्चिंती असावी, तर तीही नाही. विमानकंपनी हा मोठा नाजूक धंदा आहे. इंधन महाग झाले, रुपया घसरला, साथ आली की तो डळमळतो. किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली, जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली, गो फर्स्टने मे २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. दर वेळी शेकडो अनुभवी वैमानिक एका रात्रीत बेकार झाले. जळगावनेही ही ऊनसावली जवळून पाहिली आहे. डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनचे एकोणीस आसनांचे विमान मुंबईहून जळगावास आले, तेव्हा गावात केवढा उत्साह होता. ती सेवा टिकली नाही. २०१९ मध्ये ट्रूजेट आली आणि काही काळाने तीही कंपनीच थांबल्याने बंद पडली. २०२४ मध्ये फ्लाय ९१ ह्या कंपनीची पंख्यांची एटीआर विमाने येऊ लागली. प्रवाशाला ह्यात फार तर पुन्हा भुसावळला जाऊन आगगाडी धरावी लागते. वैमानिकाची मात्र ज्येष्ठताच बुडते, कारण नव्या कंपनीत बहुधा खालच्या पायरीपासून आरंभ करावा लागतो.

इतके असूनही जे ह्या व्यवसायात टिकतात, ते सहसा सुखाने तो सोडून जात नाहीत. त्यांचे सुख कशात आहे?

काही डोळ्यांचे आहे. आषाढातील कुंद सकाळी, खाली सारे शहर चिखल तुडवीत असता, विमान ढगांच्या थरातून वर निघते आणि लख्ख उन्हात येते. असे ऊन जमिनीवरच्या माणसाला त्या महिन्यात पाहावयास मिळत नाही. कधी पाठीमागे सूर्य व समोर ढग असला म्हणजे विमानाची सावली ढगावर पडते आणि तिच्याभोवती सप्तरंगी संपूर्ण वर्तुळ उमटते. हेच ते इंद्रवज्र. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून १८३५ मध्ये कर्नल साईक्स यांनी ते पाहिल्याची हकीकत महाराष्ट्रातील गिर्यारोहक मोठ्या कौतुकाने सांगतात, आणि त्याच्या आशेने पावसाळ्यात कड्यावर तासन्‌तास बसतात. वैमानिकाला ते कामावर असता दिसते. कित्येकदा दुसऱ्या चहाच्या वेळी.

काही सुख कामाच्या स्वरूपाचे आहे. कचेरीतील कामाला आदि-अंत नसतो. फायली घरी येतात, वाद उशाशी येतात. वैमानिकाचे काम विमान जागेवर उभे करून चाके रोखली की त्या क्षणी संपते. उद्यासाठी काही उरत नाही. शिवाय हे हाताचे कौशल्य आहे. आधुनिक विमान प्रवासाचा बहुतेक भाग यंत्राच्या हवाली असते आणि वैमानिक त्या यंत्रावर पहारा करतो. परंतु आडवा वारा सुटलेला असता सत्तर माणसांचे विमान आखूड धावपट्टीवर सरळ टेकविणे ही गोष्ट सुताराच्या अचूक सांध्यासारखी आहे. ती साधली तर प्रवाशांच्या लक्षातही येत नाही. करणाऱ्याच्या दिवसभर लक्षात राहते.

आणखी एक गोष्ट आहे, तिला सुख म्हणावे की संस्कार, हे ठरविणे कठीण. विमानाच्या पुढच्या खोलीत दोन माणसे बसतात, एक कॅप्टन व एक सहवैमानिक. कॅप्टनचे केस पिकलेले आणि सहवैमानिक काल कॉलेजातून आलेला असला, तरी वडीलधाऱ्याची चूक दिसताच तत्काळ व स्पष्ट शब्दांत बोलून दाखविणे हे धाकट्याचे कर्तव्य मानले जाते. ज्या समाजात मोठ्यांसमोर बोलू नये असे बाळकडूच मिळते, तेथे ही रीत अंगी बाणविणे सोपे नाही. पण ती रक्ताने लिहिली गेली आहे. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफ बेटावरील धावपट्टीवर दोन प्रचंड विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसे मेली. समोरचे विमान धावपट्टीवरून हटले नसावे अशी शंका एका कॅप्टनच्या हाताखालील माणसाने विचारली होती. कॅप्टनने ती झटकली, आणि शंका घेणारा गप्प बसला. जगभर वैमानिकांना एकमेकांशी बोलावयास शिकविण्याचा जो उद्योग पुढे सुरू झाला, त्यामागे अशाच घटना होत्या.

तरीही २२ मे २०१० च्या पहाटे मंगळूरला काय झाले? दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान डोंगरमाथ्यावरील धावपट्टीवर फार पुढे जाऊन टेकले, तिच्या टोकाबाहेर गेले व दरीत कोसळले. १६६ पैकी १५८ माणसे दगावली. चौकशी न्यायालयाने नमूद केले की, विमान उतरविण्याऐवजी पुन्हा वर न्यावे असे सहवैमानिकाने तीनदा सुचविले होते. त्याच चौकशीत आणखी एक गोष्ट निघाली. ध्वनिमुद्रणात श्वासाचे व घोरण्याचे आवाज होते. कॅप्टन प्रवासात सुमारे एक तास चाळीस मिनिटे झोपलेला होता, आणि उतरण्याच्या वेळी त्याच्या बुद्धीवर झोपेची गुंगी शिल्लक असावी.

येथे ह्या व्यवसायाच्या खऱ्या जाचाशी गाठ पडते. तो जाच भयाचा नव्हे, झोपेचा आहे. माणसाच्या शरीरात एक घड्याळ आहे आणि ते सूर्याच्या तालावर चालते. मध्यरात्रीनंतर, विशेषतः पहाटे दोन ते सहाच्या सुमारास, शरीराची उष्णता उतरते, नजर जड होते, निर्णय रेंगाळतो. मनुष्य कितीही निश्चयी असो, ह्या ओहोटीवर त्याचा हुकूम चालत नाही. आज पहाटे चारला कामावर, परवा मध्यरात्री, त्यानंतर दुपारी, असा आठवडा गेला म्हणजे हे घड्याळ कोठेच लागत नाही. आणि हॉटेलात पडदे ओढून दुपारी घेतलेली सहा तासांची झोप म्हणजे रात्रीची झोप नव्हे, हे भुसावळच्या रनिंग रूममधील कोणीही सांगेल.

म्हणून कायद्याने मर्यादा घातल्या आहेत. वर्षाकाठी १,००० तासांहून अधिक उड्डाण करता येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नवे नियम जाहीर केले : आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली, रात्रीची व्याख्या सकाळी सहापर्यंत वाढविली, आणि रात्रीच्या वेळी विमान उतरविण्याची मर्यादा सहांवरून दोनवर आणली. हे नियम २०२५ मध्ये दोन टप्प्यांत अमलात आले. त्यांचे मोल लोकांना कळले ते मात्र उलट्या बाजूने. डिसेंबर २०२५ च्या आरंभी देशातील सर्वांत मोठ्या विमानकंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली, विमानतळांवर सामानाचे ढीग पडले. नव्या नियमांप्रमाणे लागणाऱ्या वैमानिकांची तरतूद अपुरी पडली, हे त्याचे एक मुख्य कारण. आणि त्या कंपनीला रात्रीच्या काही अटींतून तात्पुरती सवलत द्यावी लागली. ताटकळलेल्या प्रवाशाचा संताप स्वाभाविक होता. परंतु ज्या विश्रांतीमुळे त्याचे विमान सुटले नाही, ती विश्रांती त्याच्याच जिवासाठी होती, हे त्या गर्दीत कोणी कोणाला समजावून सांगावे?

झोपेखालोखाल जाच आहे तो शरीराच्या परीक्षेचा. वकील, डॉक्टर, प्राध्यापक ह्यांची योग्यता एकदा सिद्ध झाली की सहसा पुन्हा कोणी तपासत नाही. वैमानिकाची दर वर्षी वैद्यकीय तपासणी होते, आणि साठीनंतर दर सहा महिन्यांनी. चष्मा चालतो, पण हृदयाच्या आलेखातील एखादी अनपेक्षित रेघ त्याला घरी बसवू शकते, आणि मग वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी दुसरे काय येते, ह्या प्रश्नाला बहुधा उत्तर नसते. विमान चालविण्याचे कौशल्यही नकली विमानात बसवून पुनःपुन्हा तपासले जाते. त्यात इंजिन पेटते, धूर होतो, आणि परीक्षक मागे बसून पाहत असतो. कामावर निघण्यापूर्वी नळीत फुंकर मारून मद्य घेतले नसल्याची खात्री द्यावी लागते. मद्याचा अंश असलेल्या गुळण्यांच्या औषधापासूनही दूर राहावे, असा दंडक आहे. उंचावर विमानातील हवा सात-आठ हजार फुटांवरील डोंगराइतकी विरळ व अत्यंत कोरडी असते. ओठ फुटतात, डोळे चुरचुरतात. आकाशातून येणारा किरणोत्सर्गही तेथे जमिनीपेक्षा अधिक असतो.

आणि घर? दिवाळीत, लग्नसराईत, मे महिन्याच्या सुट्टीत जेव्हा सारा देश आपापल्या माणसांकडे निघतो, तेव्हा त्यांना पोहोचविण्याचे काम ज्यांच्याकडे असते, ते अर्थातच घरी नसतात. पोरगा वैमानिक झाला म्हणून गावभर पेढे वाटणारी आई पुढे प्रत्येक अक्षय्यतृतीयेला फोनची वाट पाहते. खानदेशात आखाजीला माहेरी येणाऱ्या लेकींचे केवढे अप्रूप! लेक वैमानिक असेल तर तिची आखाजी कामाच्या तक्त्यावर अवलंबून असते.

लेक वैमानिक असणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी निवेदिता भसीन यांना बरोबर घेऊन कलकत्ता ते सिल्चर हे फॉकर विमानाचे उड्डाण केले, तेव्हा दोन्ही वैमानिक स्त्रिया असल्याची वर्तमानपत्रांत बातमी झाली. आज भारतातील वैमानिकांत स्त्रियांचे प्रमाण शेकडा पंधराच्या आसपास आहे आणि जगाच्या सरासरीच्या ते कितीतरी पुढे आहे. विमानाला हात कोणाचा आहे ते कळत नाही. घराला मात्र कळते. रात्रपाळीहून आलेल्या जावयाला झोपू देणारे घर रात्रपाळीहून आलेल्या सुनेला तसेच झोपू देते काय, हा प्रश्न अजून पुष्कळ ठिकाणी विचारावा लागतो.

राहिली आईची चिंता. मोठ्या विमानाचा प्रवास रस्त्यावरील प्रवासापेक्षा फारच सुरक्षित आहे, ह्यात वाद नाही. शिकाऊ विमानांबद्दल इतक्या ठामपणे बोलता येत नाही. १६ जुलै २०२१ रोजी शिरपूरच्या संस्थेचे एक शिकाऊ विमान जळगाव जिल्ह्याच्या चोपडा तालुक्यात, वर्डी गावाच्या बाजूस सातपुड्याच्या पायथ्याशी कोसळले. त्यात शिक्षक मृत्यू पावला आणि विद्यार्थिनी जबर जखमी झाली. पावसाचे दिवस, वाहन पोहोचेल असा रस्ता नाही. आसपासचे आदिवासी लोक आवाज ऐकून धावले. जखमी मुलीला न्यावे कशातून, हा प्रश्न पडला तेव्हा त्यांच्यातील एका स्त्रीने आपल्या अंगावरील लुगडे सोडून दिले. त्याची झोळी बांधून माणसांनी त्या मुलीला डोंगरवाटेने खाली आणले.

अशा दिवसानंतर एखाद्या मुलाने वा मुलीने हे शिक्षण सोडले, तर त्यास कोणी भित्रा म्हणू नये. आणि जे पुढे जातात, त्यांच्या आईबापांनी एक व्यवहार ध्यानात ठेवावा : शुल्काचा पहिला हप्ता भरण्यापूर्वी वैमानिकाला लागणारी पहिल्या वर्गाची वैद्यकीय तपासणी पुरी करून घ्यावी. रंगांधळेपणासारखा दोष मनुष्याला स्वतःला कित्येकदा ठाऊकच नसतो, आणि वीस लाख भरल्यावर तो कळण्यापेक्षा आधी कळलेला बरा.

प्रत्येक वैमानिकाजवळ एक नोंदवही असते. पहिल्या दिवसापासून प्रत्येक उड्डाणाची त्यात एक ओळ. गोंदूरच्या त्या सात-आठ मिनिटांचीही ओळ तिच्यात असते, आणि तिच्याखाली वाढत जाणाऱ्या तासांची बेरीज. वयाच्या पासष्टाव्या वर्षी प्रवासी विमान चालविण्याची मुदत संपते. भुसावळच्या ड्रायव्हरची शेवटची गाडी आली म्हणजे सोबती फलाटावर जमून त्याला हार घालतात, इंजिनालाही घालतात. वैमानिकाचे शेवटचे विमान उतरले की कित्येक विमानतळांवर दोन बाजूंनी बंब उभे करून त्यावर पाण्याची कमान धरतात. मग दोघेही घरी जातात. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला, कोणी दार ठोठावलेले नसताना, दोघांनाही जाग येते. आणि घरची माणसे सांगतात की हे पुढे पुष्कळ वर्षे चालते.